हजीऱ्याचा रविवार आणि पुसलेल्या सरहद्दी

युरोपात नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे शनिवार-रविवार कसे जातात, हे आता आपल्याला घरबसल्या पाठ झालं आहे. आइंडहोव्हनहून सकाळी गाडी काढलेलं जोडपं दुपारी बेल्जियममध्ये जेवतं, संध्याकाळी जर्मनीतल्या आखनचं कॅथेड्रल बघतं आणि रात्री झोपायला नेदरलँड्समधल्या आपल्या घरी येतं. एका दिवसात तीन देश! याची सोय १४ जून १९८५ रोजी झाली. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करारावर सह्या केल्या आणि १९९५ पासून सीमेवरचे तपासनाके उठू लागले.

पण मुळात एवढ्या जवळजवळ एवढ्या सरहद्दी आल्या कुठून? याचं उत्तर शेंगेनच्या कितीतरी आधीच्या काळात आहे. सरदार-सरंजामदारांनी आपापसांत गावं वाटली, विकली, गहाण टाकली, हुंड्यात दिली. बेल्जियम-नेदरलँड्स सीमेवरच्या बार्ले या गावात अशा व्यवहारांमुळे बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या पोटात अडकून राहिले आहेत, आणि त्या तुकड्यांच्याही पोटात पुन्हा नेदरलँड्सचे काही तुकडे आहेत. रस्त्यावर रंगवलेली सीमारेषा घरांना छेदून जाते. पर्यटक ती बघायला मुद्दाम जातात.

बार्ले बघायला विमानाचं तिकीट लागतं. तापीच्या मुखाशी, सुरतेपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर हजीऱ्याला राहणाऱ्या माणसाला मात्र त्याच जातीचा मुलूख दारात मिळालेला आहे. फक्त इथल्या सीमारेषा कुणी रंगवून ठेवलेल्या नाहीत.

हजीरा हे कारखान्यांचं गाव. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बसीन क्षेत्राचा वायू नळाने इथे येतो आणि हजीरा-बिजयपूर-जगदीशपूर वाहिनीने थेट उत्तर प्रदेशापर्यंत जातो. ओएनजीसी, कृभको, एल अँड टी, रिलायन्स, पोलादाचा कारखाना, शेजारी कवासचं वीजकेंद्र. यांच्या कॉलन्यांमध्ये मराठी घरं पुष्कळ. शिफ्ट आणि वीकली ऑफ यांचं गणित एकदा जमलं की पहिल्या वर्षी डुमस होतं, सापुतारा होतं, दमण होतं आणि मग 'आता कुठे?' हा प्रश्न उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे नवं ठिकाण शोधत बसण्याऐवजी १९४७ पूर्वीचा नकाशा काढून बसायचं. त्या नकाशात हजीऱ्याभोवतीच्या दीडशे किलोमीटरमध्ये इंग्रजांचा सुरत जिल्हा, बडोदा संस्थानाचा नवसारी प्रांत, सचीनचे नवाब, वांसदा आणि धरमपूरचे राजे, डांगचे भिल्ल राजे आणि पोर्तुगीज दमण एकमेकांत घुसलेले दिसतात. आणि ही गुंतागुंत करण्यात मराठी माणसाचा मोठा हात आहे.

अठ्ठाविशीची वाटणी

मोगलांच्या काळात सुरतेभोवतीच्या मुलखाला 'सुरत अठ्ठाविशी' म्हणत, म्हणजे अठ्ठावीस महाल. अठराव्या शतकात गुजरातेत मराठ्यांचा अंमल बसू लागला तेव्हा पिलाजीराव गायकवाडांनी याच बाजूने पाय रोवले. पुढे १७५१ मध्ये दमाजी गायकवाड नानासाहेब पेशव्यांच्या कैदेत सापडले. त्यांची सुटका झाली ती गुजरातचा निम्मा वाटा पेशव्यांना द्यायचा, या अटीवर. वाटणी करताना मधोमध एक रेघ मारून चालत नव्हतं, कारण सगळ्या महालांचं उत्पन्न सारखं नव्हतं. कापसाची काळी जमीन, बंदराची जकात, जंगलाचा पट्टा यांचा मेळ घालत एक महाल याला, एक त्याला असं करत वाटे पडले.

नंतर पेशव्यांचा वाटा गेला. १८०२ च्या वसईच्या तहात आणि मग १८१७-१८ मध्ये तो टप्प्याटप्प्याने इंग्रजांकडे आला. गायकवाडांचा वाटा मात्र बराचसा बडोद्याकडेच राहिला. म्हणजे पुण्याच्या आणि बडोद्याच्या कारकुनांनी जमाखर्चासाठी पाडलेल्या वाट्यांची पुढे ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थान यांच्यामधली सरहद्द झाली. चोऱ्यासी, ओलपाड, बारडोली, वालोड, जलालपूर, चिखली, वलसाड, पारडी इंग्रजांकडे. कामरेज, पलसाणा, नवसारी, गणदेवी, महुवा, व्यारा, सोनगड बडोद्याकडे. हा नकाशा गोधडीसारखा दिसतो आणि जवळपास दीडशे वर्षं तो तसाच राहिला. कायदा, कर, शाळा, पोलीस, सगळं दर दहा-वीस किलोमीटरवर बदलायचं.

घराजवळून सुरुवात

सगळ्यात जवळची जुनी सरहद्द पाण्यात आहे. हजीऱ्याला लागूनच सुवालीचा किनारा आहे. तापीच्या मुखाशी गाळ साचत असल्यामुळे मोठी जहाजं सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. सुवालीसमोर वाळूचा एक लांब दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोल पाण्याची आडोशाची पट्टी होती. जहाजं तिथे नांगर टाकत आणि माल गाड्यांतून किंवा छोट्या होड्यांतून शहरात जाई. १६१२ च्या नोव्हेंबरअखेर याच पाण्यात कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रजी जहाजांनी संख्येने जास्त असलेल्या पोर्तुगीजांना रोखलं. समुद्रावर पोर्तुगीज अजिंक्य नाहीत, हे मोगलांना दिसलं आणि लवकरच सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. बादशहा जहांगीरच्या दरबारात गेलेला इंग्रज वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये उतरला तोही सुवालीलाच. आज तिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि मक्याची कणसं मिळतात. क्षितिजावरची जहाजं तेवढी अजून आहेत, कारण हजीऱ्याची आजची बंदरंही याच किनाऱ्यावर आहेत.

सुवालीनंतरचा रविवार सुरत शहरासाठी ठेवावा. तापीकाठचा किल्ला १५४० च्या दशकात खुदावंद खानाने बांधून घेतला आणि आता महापालिकेने त्याची डागडुजी करून संग्रहालय केलं आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल अंमलदार इनायत खान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला होता. वीरजी व्होरासारख्या सावकाराची कोठारं रिकामी झाली. इंग्रज आणि डच मात्र आपापल्या वखारी राखून बसले. त्या वेळी इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्सेंडन १६६९ मध्ये वारला. कतारगामच्या वाटेवरच्या इंग्रजी दफनभूमीत त्याची आणि भाऊ ख्रिस्तोफरची दुमजली घुमटाकार कबर आहे. एखाद्या सुलतानाला शोभावी अशी ती आहे. शेजारच्या डच दफनभूमीत हेंड्रिक व्हान रेडे याची कबर आहे. केरळच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने तयार करवून घेतला आणि १६९१ मध्ये तो वारला. परक्या मुलखात मेलेली ही माणसं आपण मोगल उमरावांपेक्षा कमी नाही, हे दगडा-चुन्यात सांगायला बघत होती.

डचांनी मागे ठेवलेली आणखी एक गोष्ट खाता येते. त्यांच्या भट्टीतलं कसब पारशी कारागिरांनी उचललं आणि दोतीवाला बेकरीसारख्या दुकानांतून नानखटाई, जिऱ्याची बटर बिस्किटं सुरतेच्या चहाबरोबर आजही चालू आहेत. थंडीत आला असाल तर तापीकाठी पोंक खायला विसरू नका. ज्वारीचा आपला हुरडाच तो, पण सुरतेत त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव आणि पोंकवडे मिळतात.

दक्षिणेची वाट: सचीन, नवसारी, दांडी

हजीऱ्याहून मगदल्ल्याचा पूल ओलांडून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात सचीन येतं. ट्रकची रांग, कापडाच्या गिरण्या, औद्योगिक वसाहत. इथे गाडी कुणी थांबवत नाही. पण सचीनची कथा मराठी माणसाला ऐकायलाच हवी. जंजिरा काही केल्या मराठ्यांच्या हाती येत नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या गादीवरून सिद्द्यांमध्ये भांडण झालं आणि बालू मियाँ हा वारस पुण्याच्या आश्रयाला आला. १७९१ मध्ये त्याने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळची काही गावं घेतली. तेच सचीन संस्थान. बालू मियाँला गावं मिळाली, त्याच्या वंशजांनी १९४८ पर्यंत नवाबी केली आणि डुमसच्या समुद्रावर महाल बांधले. पेशव्यांना मात्र जंजिरा कधीच मिळाला नाही. संस्थानाचा विस्तार अवघा पन्नासएक चौरस मैल, तोही सलग नव्हता. इंग्रजी आणि बडोद्याच्या गावांमध्ये विखुरलेला होता.

पुढे नवसारी. इथे बडोद्याचं राज्य होतं, पण गावाचा आत्मा पारशी. जमशेटजी टाटांचा जन्म १८३९ चा, इथलाच. त्यांचं जन्मघर बघता येतं. १८७२ मध्ये सुरू झालेलं मेहेरजी राणा ग्रंथालय अवेस्ता, पहलवी आणि फारसी हस्तलिखितांसाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. ज्यांच्या नावाने ते आहे ते दस्तूर मेहेरजी राणा अकबराच्या दरबारात धर्मचर्चेला गेले होते. बाहेर पडताना कोलाहची लोणच्याची बाटली घ्यायची, हा शिरस्ता.

नवसारीहून दांडी वीसेक किलोमीटर. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेली यात्रा ५ एप्रिलला दांडीला पोचली आणि दुसऱ्या दिवशी गांधीजींनी मीठ उचललं. या यात्रेचे शेवटचे मुक्काम जुन्या नकाशावर लावून बघण्यासारखे आहेत. सुरत इंग्रजांची. मग दिंडोली, जिथे आज धुळे-जळगावकडच्या खानदेशी कामगारांची मोठी वस्ती आहे. मग नवसारी, म्हणजे बडोदा संस्थान. आणि तिथून पुन्हा सरहद्द ओलांडून जलालपूर तालुक्यातलं दांडी, इंग्रजी हद्दीत. मिठाचा कायदा इंग्रज सरकारचा होता. तो मोडायचा तर सरकारच्या हद्दीतच मोडायला हवा, संस्थानिकाला अडचणीत टाकून उपयोग नव्हता. समुद्र काय, किनाऱ्यावर सगळीकडेच होता.

दांडीचं राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक ३० जानेवारी २०१९ रोजी खुलं झालं. त्याच्या आखणीचं काम मुंबईच्या आयआयटीने सांभाळलं. यात्रेकरूंचे पुतळे ओळीने चालताना दाखवले आहेत. मुलांना बरोबर न्यायचं असेल तर उन्हं कलल्यावर जावं, कारण सावली थोडी आहे. थोडं अलीकडचं कराडी हे गावही चुकवू नये. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली ती तिथल्या झोपडीतून.

दमण आणि सिल्वासा

हजीऱ्याहून सर्वात लांबची पण एका दिवसात बसणारी दक्षिणेची सफर दमणची. पहाटे सहाच्या आत निघालं तर महामार्गाची गर्दी लागत नाही. वाटेत उदवाडा. पारशांचा इराणशाह अग्नी १७४२ पासून तिथे आहे. आतशबेहरामात बिगरपारशांना प्रवेश नसतो. पण गावातून एक फेरी मारावी, ओटेदार जुनी घरं आणि माहिती केंद्र पाहावं. वलसाडच्या पट्ट्यात थंडीत रस्त्याकडेला उंबाडियूच्या टपऱ्या लागतात. मडक्यात कंद, पापडी, हिरवा मसाला भरून ते उलटं ठेवून पानगोवऱ्यांच्या जाळावर भाजतात.

दमण पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये घेतलं आणि ते ४०० वर्षं त्यांच्याकडे राहिलं. दमणगंगेच्या दक्षिणेला मोटी दमण, उत्तरेला नानी दमण. मोटी दमणच्या तटाच्या आत सरकारी कचेऱ्या, शांत रस्ते आणि १६०३ चं बोम जेझुस चर्च. त्यातली लाकडावरची सोनेरी कारागिरी बघायला दारू प्यायला आलेल्या गर्दीतले फार थोडे जण येतात. गुजरातेत दारूबंदी आणि दमण केंद्रशासित, ही जुन्या सरहद्दीची सर्वात ठळक उरलेली खूण. परतताना तपासणी असते, बाटली घेऊन गुजरातेत येणं गुन्हा आहे, हे नव्याने हजीऱ्याला आलेल्यांनी लक्षात ठेवावं.

दमणच्या इतिहासात मराठे वारंवार येतात. दमणच्या गावांसाठी पोर्तुगीज शेजारच्या रामनगरच्या राजाला चौथाई देत असत. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर जिंकलं, तेव्हा ती चौथाई आता आम्हाला द्या, असा निरोप शिवाजी महाराजांकडून पोर्तुगीजांना गेला. त्या रामनगरचं पुढचं रूप म्हणजे धरमपूर संस्थान. आणि १९६१ च्या डिसेंबरमध्ये दमणवर चालून गेलेली पलटण होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. १९ डिसेंबरला पोर्तुगीजांनी शस्त्रं ठेवली.

दमणपासून आत, सिल्वासाच्या बाजूला गेलं की बार्लेची आठवण यावी असा प्रदेश आहे. १७७२ मध्ये मराठा आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं. भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने पेशव्यांनी नगर हवेलीच्या गावांचं उत्पन्न पोर्तुगीजांना दिलं आणि १७८३ मध्ये त्यांनी ताबा घेतला. दादरा त्यानंतर त्यांच्याकडे गेलं. समुद्राशी संबंध नसलेला हा पोर्तुगीज तुकडा चहूबाजूंनी परक्या हद्दीने वेढलेला होता. त्याच्याही पोटात मघवाल हे गाव आहे, जे आजही गुजरातचं. बार्लेत दिसतो तोच प्रकार, दमणगंगेच्या खोऱ्यात.

ही भरपाई परत घेण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा होता. २२ जुलै १९५४ ला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. लढणाऱ्यांत राजा वाकणकर होते, सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. आपल्याच तुकड्याकडे जायला भारताने वाट द्यावी, हा त्यांचा दावा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा हक्क मान्य केला नाही आणि भारताने वाट अडवून काही गैर केलं नाही, असा निर्णय दिला. सात वर्षं हा प्रदेश धड पोर्तुगालचा नाही, धड भारताचाही नाही, अशा अवस्थेत स्वतःचा कारभार चालवत होता. १९६१ मध्ये तो भारतात सामील झाला. सिल्वासाच्या बागा आणि दूधणीचा तलाव बघायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी त्या सहलीला वजन येतं.

पूर्वेची वाट: महामार्गाचं पहिलं टोक

धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर या शहरांतून जाणारा जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग हजीऱ्याहून सुरू होतो. विदर्भातल्या माणसाला हजीऱ्याला बदली झाली की तो आपल्याच घरासमोरच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आलेला असतो. सुट्टीत गावी जाताना आपण या रस्त्याने भरधाव निघून जातो. एकदा फक्त नवापूरपर्यंत, थांबत थांबत जावं.

सुरतेची हद्द इंग्रजांची, पलसाणा बडोद्याचा, बारडोली पुन्हा इंग्रजांची, व्यारा-सोनगड बडोद्याचे, नवापूर पश्चिम खानदेशातलं म्हणजे परत इंग्रजांचं. बारडोलीत स्वराज आश्रम आहे. १९२८ मध्ये सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, वल्लभभाई पटेलांनी लढा उभारला, आणि चौकशीअंती वाढ जेमतेम सहा टक्क्यांवर आली. 'सरदार' ही पदवी तिथली. पण बारडोलीच्या लढ्यांत सरहद्दीचा वाटा किती मोठा होता, हे सहसा सांगितलं जात नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात सारा न भरणाऱ्यांच्या जप्त्या सुरू झाल्या, तेव्हा हजारो शेतकरी गुरं-भांडी घेऊन शेजारच्या बडोदा हद्दीतल्या गावांत जाऊन राहिले. इंग्रज मामलेदाराला तिथे हात घालता येत नव्हता. महालवाटणीच्या कागदाने पावणेदोनशे वर्षांनंतर सत्याग्रह्यांना निवारा दिला.

सोनगडचा किल्ला महामार्गावरूनच दिसतो. १७१९ च्या सुमारास पिलाजीरावांनी हे ठाणं घेतलं आणि बडोदा मिळेपर्यंत गायकवाडांचं बिऱ्हाड इथेच होतं. वर चढायला तासभर पुरतो. माथ्यावरून उकाईच्या जलाशयाचं पाणी दिसतं. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचं मागचं पाणी थेट नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरतं. सुरतेच्या नळाला येणारी तापी इथे अडवलेली आहे आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडालं तेही इथून सोडलेल्या पाण्याने.

सोनगड-व्याऱ्याच्या आदिवासी भागात सयाजीराव महाराजांनी वसतिगृहशाळा काढल्या होत्या. अमरेलीत १८९३ मध्ये सुरू केलेलं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ पासून त्यांनी संपूर्ण संस्थानाला लागू केलं. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूच्या गावात मुलाला शाळेत न पाठवल्यास दंड आणि दुसऱ्या बाजूच्या इंग्रजी गावात शाळाच ऐच्छिक, अशी स्थिती होती. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन राजा झाला, त्याच्या कारभाराची ही मोजपट्टी.

डांग: राजे अजून आहेत

सापुताऱ्याला सगळेच जातात. तळं, रोपवे, मॅगी. पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण शनिवारी रात्रीची गर्दीही तशीच. डांगची खरी ओळख सापुताऱ्याच्या अलीकडे आहे. बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत साधारण ६३ किलोमीटरची छोटी रेल्वे गायकवाडांनी टाकली, मुख्यतः डांगचं सागवान उतरवायला. ७६२ मिलिमीटर रुंदीची ही लाईन काही काळ बंद पडून २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. तीनेक तासांचा प्रवास आहे. एकाने गाडी वघईला पुढे न्यायची आणि बाकीच्यांनी रेल्वेने यायचं, ही सोय कुटुंबाला जमते. वाटेत उनाईला गरम पाण्याचे झरे, जुन्या वांसदा संस्थानातले. वघईला वनस्पती उद्यान आणि पावसाळ्यात अंबिकेवरचा गिरा धबधबा.

डांगमध्ये गढवी, आमाला, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी या पाच राजांचं राज्य होतं. इंग्रजांनी १८४२ मध्ये त्यांच्याकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं आणि पट्ट्याची रक्कम दरबार भरवून द्यायला सुरुवात केली. देशातल्या संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, पण डांगच्या राजांना पैसे संस्थानिक म्हणून मिळत नव्हते, जंगलाचं मोल म्हणून मिळत होते. त्यामुळे ते चालू राहिले. होळीच्या आधी आहवा इथे डांग दरबार भरतो आणि सरकार त्यांना सालियाना देतं. मार्चमध्ये सुट्टी जुळली तर ही यात्रा बघावी. कानावर पडणाऱ्या डांगी बोलीत मराठी-अहिराणी माणसाला निम्मं तरी समजतं. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य मोडताना डांगवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला गेला तो यामुळेच. निर्णय गुजरातच्या बाजूने झाला.

सापुताऱ्यापलीकडे पाच-सहा किलोमीटरवर हातगड, नाशिक जिल्ह्यातला. पुढे वणी आणि सप्तशृंगी. १६७० च्या ऑक्टोबरमध्ये सुरतेवरची दुसरी स्वारी आटोपून महाराज बागलाणातून या बाजूनेच परतत होते आणि वणी-दिंडोरीला दाऊदखानाच्या मोगल फौजेशी त्यांची गाठ पडली. तेव्हा सुरत ते दिंडोरी हा घोड्यांचा आणि लुटीने लादलेल्या बैलांचा अनेक दिवसांचा प्रवास होता.

सफर आखताना

या सगळ्याला लागणारं साहित्य थोडं आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सुरत-भडोच खंड १८७७ चा, बडोद्याचा १८८३ चा. दोन्ही आंतरजालावर मोफत वाचता येतात. जायच्या आदल्या रात्री त्या तालुक्याची चार पानं वाचली की दुसऱ्या दिवशीचा रस्ता ओळखीचा होतो.

ऋतू बघावा. डांग जुलै ते सप्टेंबर, किनारे आणि दमण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय सुवाली, डुमस किंवा दांडीला पाण्यात उतरू नये. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी पाणी पाच मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं, ओहोटीला खूप दूर जातं आणि चिखलातून चालणाऱ्याच्या मागून परत येतं. कोकणातल्या लोकांनी तिथीवरून भरती काढायचा आपला हिशेब इथे वापरू नये. आखात अरुंद होत जातं तशी भरती उशिराने वर पोचते, त्यामुळे मुंबईची वेळ इथे काही तास चुकते.

आणि एका दिवसात न मावणारी पण दोन दिवसांत बसणारी सफर हजीऱ्याच्याच धक्क्यावरून निघते. ८ नोव्हेंबर २०२० पासून हजीरा ते घोघा अशी गाड्या वाहून नेणारी फेरीबोट सुरू आहे. रस्त्याने ३७० किलोमीटरचं अंतर समुद्रातून ९० किलोमीटर होतं. हीच सेवा आधी दहेजहून होती, पण नर्मदेच्या मुखाशी गाळ भरत राहिला आणि बोटीला पाणी पुरेना. सुवालीच्या काळात तापीने जे केलं तेच चारशे वर्षांनंतर नर्मदेने केलं, आणि खोल पाण्याचा मान पुन्हा हजीऱ्याच्या किनाऱ्याला मिळाला. घोघ्याला उतरलं की कोळियाकला ओहोटीत समुद्राच्या तळावरून चालत निष्कलंक महादेवापर्यंत जाता येतं. उत्तरेला वेळावदरच्या गवताळ रानात काळविटांचे कळप असतात. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ते उद्यान बंद असतं.

अठ्ठाविशीतले पाच-सहा तुकडे बघून झाले असतील तर या बोटीत बसण्याआधी काठेवाडचा १९४७ चा नकाशा उघडून बघा. भावनगर, पालिताणा, गोंडल, जुनागड धरून तिथे दोनशेहून अधिक संस्थानं होती, त्यातली काही एकेका गावाएवढी, आणि पेशवे-गायकवाडांची खंडणी त्यांच्यावरही बसलेली होती. पुढच्या कितीतरी शनिवार-रविवारांची सोय हजीऱ्याच्या धक्क्यापासून चार तासांवर आहे.